सत्तरच्या दशकातल्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी ओल दिसते. ग्रामसभेने नेमके काय विचारावे?

नदीकाठ_सातारा यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या एका उपनदीच्या काठी, धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटर खाली आहे. धरणाचे काम सत्तरच्या दशकात पूर्ण झाले. दोन्ही अंगांना मातीची भिंत, मधे दगडी सांडवा आणि सांडव्यावर लोखंडी वक्राकार दरवाजे अशी त्याची रचना आहे. धरणाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अर्धवट माहितीवर नाव घेतले की घबराट पसरते, आणि माझा प्रश्न जिल्ह्यातल्या त्या पिढीच्या कोणत्याही धरणाला लागू पडेल असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी एका जागी जमीन सतत ओली राहिलेली आणि तेथे लव्हाळा वाढलेला दिसला. भिंतीच्या उतारावर बाभळी आणि घाणेरी माजली आहे. पाण्याकडच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे लाटांपासून भिंत वाचावी म्हणून उतारावर रचलेले, काही दगड जागेवरून घसरले आहेत. गावात यावर दोन मते आहेत. मातीच्या धरणातून पाणी झिरपायचेच, त्यात नवीन काही नाही, असे जुनी माणसे म्हणतात. तरुणांचे म्हणणे असे की धरणाला पन्नास वर्षे होत आली, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले, तेव्हा यापुढे धरण निम्मेच भरावे. ज्यांच्या उसाला आणि उपसा योजनांना याच धरणाचे पाणी मिळते, त्यांना हे अर्थातच मान्य नाही.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे आणि तो हवेतला असू नये अशी इच्छा आहे. ओल धोक्याची आहे की नाही, हे कशावरून ठरते? वय वाढले म्हणजे धोका वाढला असे मानावे का? आणि पुराच्या वेळी ज्या धरणाने आमचे रक्षण करावे अशी आमची अपेक्षा आहे, त्याच्या देखभालीविषयी गावाला काय विचारण्याचा अधिकार आहे?

निवृत्त_शाखा_अभियंता यांचे उत्तर

आपण पाहिलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने नोंद घेण्याजोग्या आहेत. मी पाटबंधारे खात्यात मातीच्या धरणांवरच बहुतेक नोकरी केली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुनी माणसे म्हणतात ते अर्धे बरोबर आहे. मातीच्या भिंतीच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचे आवरण असते, आणि गाभ्यातून जे थोडे पाणी झिरपेल ते मातीचा कण बरोबर न घेता बाहेर पडावे म्हणून खालच्या बाजूला वाळू व खडीची गाळणी घातलेली असते. हे पाणी पायथ्याच्या चरीत, म्हणजे टो ड्रेनमध्ये जमा होते आणि तेथे बसवलेल्या व्ही आकाराच्या खाचेवरून, ज्याला आम्ही व्ही-नॉच म्हणतो, किती पाणी येते ते मोजले जाते. म्हणून पाझर आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो कोठून निघतो, धरणाची पाणीपातळी तीच असताना मागच्या वर्षांपेक्षा वाढला आहे का, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ, यावरून सगळे ठरते.

गढूळ पाणी ही सर्वांत गंभीर खूण आहे. पाणी गढूळ येते याचा अर्थ ते भिंतीतली किंवा पायातली माती उचलून आणत आहे. माती गेली की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाणी वाढते आणि वाढलेले पाणी आणखी माती नेते. हा क्रम पायथ्याकडून सुरू होऊन जलाशयाच्या दिशेने आत सरकत जातो. वरून भिंत धडधाकट दिसत असतानाच तो चाललेला असतो आणि शेवटच्या टप्प्यात हाताशी काही तासच उरतात. म्हणून जेथे ओल दिसते तेथे आधी हे पाहावे की पाणी वाहते आहे की जमीन केवळ दमट आहे. वाहत असेल तर काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी मातीचा थर बसला, किंवा जमिनीतून बुडबुड्यांसारखे पाणी वर येऊन भोवती बारीक वाळूचे कडे साचलेले दिसले, तर ग्रामसभेची वाट पाहू नये. त्याच दिवशी शाखा कार्यालयाला लेखी कळवावे आणि प्रत तहसीलदारांना द्यावी.

आपल्या वर्णनातील ओली जागा टो ड्रेनच्या रेषेत आहे की तिच्या पलीकडे, हे आपण लिहिलेले नाही. ड्रेन गाळाने बुजला असेल तर पाणी आजूबाजूला पसरते आणि लव्हाळा वाढतो. तो दोष ड्रेन साफ केल्यावर जातो. पण ओल भिंतीच्या उतारावर पायथ्यापेक्षा वरच्या उंचीला असेल, तर गाळणी आपले काम करत नाही असा अर्थ निघू शकतो आणि तो विषय वेगळ्या दर्जाचा आहे. माझ्या अनुभवात सर्वांत बारकाईने पाहण्याची जागा म्हणजे कालव्याचा विमोचक, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची नळी, भिंतीखालून जाते ती. काँक्रीटच्या नळीला माती घट्ट बिलगून बसणे अवघड असते आणि पाणी नेमकी तीच फट शोधते.

झुडपांकडे दुर्लक्ष करू नये. बाभळीची मुळे खोल जातात आणि झाड मेल्यावर कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळ वाट राहते. त्याहून मोठा तोटा असा की झुडपांमुळे भिंतीचा पृष्ठभागच दिसत नाही, मग साळिंदराचे बीळ, वाळवीचे वारूळ किंवा माथ्यावरून खाली आलेली भेग तपासणीतून सुटते. भिंतीच्या लांबीला समांतर भेग बहुधा माती दबल्यामुळे पडते. भिंतीला आडवी छेदणारी भेग मात्र तातडीची समजावी, कारण ती पाण्याला आरपार जाण्याची वाट देऊ शकते. पिचिंगचे दगड घसरले असतील तर लाटा आतली माती धुऊन नेतात. ही दुरुस्ती खर्चाची नाही, पण ती दरवर्षी करावी लागते, आणि दरवर्षी करायच्या छोट्या कामांना निधी मिळवणे हे मोठ्या कामाला निधी मिळवण्यापेक्षा कठीण जाते हे मी खेदाने नमूद करतो.

वयाबद्दल. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा ते जुने नव्हते, त्याचे काम अजून पुरे व्हायचे होते. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेही पन्नास वर्षांचे नव्हते. गळतीबद्दल आधी तक्रारी केल्याचे तेथील ग्रामस्थांनी त्या वेळी सांगितले होते. पहिल्यांदा पाणी भरते तो काळ मातीच्या धरणाला सर्वांत नाजूक असतो. तो काळ आणि नंतरचे सर्व पावसाळे पार केलेले धरण केवळ वयामुळे धोक्याचे ठरत नाही. वयाचा परिणाम दोन ठिकाणी होतो. गाळणी हळूहळू बुजते, लोखंड गंजते, रबरी सील कडक होतात; हे एक. आणि सत्तरच्या दशकात सांडव्याची क्षमता ठरवली तेव्हा हाताशी पावसाच्या नोंदी थोड्या वर्षांच्या होत्या. आजच्या नोंदींवर तोच हिशेब पुन्हा केला तर महत्तम पूर मोठा निघू शकतो. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहून जाणे तिला सोसत नाही, त्यामुळे हा हिशेब नव्याने झाला आहे का हे विचारणे ओलीइतकेच महत्त्वाचे आहे.

कऱ्हाड_भूशास्त्र यांचे उत्तर

वरील उत्तराला पूरक म्हणून भूकंपाची बाजू मांडतो, कारण आपल्या जिल्ह्यात ती सोडून धरणाच्या सुरक्षिततेवर बोलता येत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात कोयना धरणाच्या ज्या खंडांवरून पाणी सांडत नाही, त्यांपैकी उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. १०३ मीटर उंचीचे ते धरण त्या वेळी काही वर्षांचेच होते. भेगा पडल्या त्या नेमक्या जेथे भिंतीच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास, कारण हादऱ्याचा ताण तेथे एकवटला. आराखडा करताना धरलेले भूकंपाचे बल गुरुत्व त्वरणाच्या पाच टक्के होते, आणि धरणातच बसवलेल्या यंत्रावर नोंदले गेलेले त्वरण त्याच्या कितीतरी पट अधिक होते. धरण फुटले नाही. भेगांत इपॉक्सी भरण्यात आली, ताण दिलेल्या पोलादी केबलींनी भिंत वरून खाली आवळण्यात आली, आणि नंतर त्या खंडांना मागून काँक्रीटचा भक्कम आधार देण्यात आला. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण तर २००० नंतरच्या दशकात झाले. वय झालेले धरण मोडीतच काढावे लागते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. धरणाची ताकद वाढवता येते, मात्र त्यासाठी ते कोठे कमकुवत आहे हे मोजमापाने कळलेले असावे लागते.

कोयना आणि वारणा जलाशयांच्या परिसरात लहानमोठे धक्के आजही बसतात आणि त्यांचा जलाशयातील पाण्याच्या चढउताराशी असलेला संबंध अभ्यासाचा विषय आहे. कऱ्हाडजवळ त्यासाठी केंद्र सरकारची खोल विंधन संशोधन प्रयोगशाळा आहे. आपल्या ठरावात एक वाक्य असावे असे मी सुचवतो: जाणवण्याजोगा धक्का बसल्यानंतर धरणाची तपासणी झाली का आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पाझराची मोजमापे बदलली का. धक्क्यानंतर पाझर अचानक वाढणे आणि अचानक थांबणे, दोन्ही गोष्टींचे कारण शोधावे लागते.

सांगलवाडीकर यांचे उत्तर

मी सांगलीच्या पूरपट्ट्यातील रहिवासी आहे. आमच्याकडे धरणाची गोष्ट निघाली की भिंतीपेक्षा दरवाजांची निघते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात, एवढे सांगितले म्हणजे घरांची काय अवस्था झाली असेल हे कळावे.

मूळ प्रश्नात धरणाने पुरापासून रक्षण करावे अशी अपेक्षा आहे. कृष्णा खोऱ्यातील आपली मोठी धरणे सिंचन आणि विजेसाठी बांधलेली आहेत. दामोदर खोऱ्यातील मैथन आणि पंचेत धरणांत पुराचे पाणी साठवण्यासाठी जागा मुळापासून राखलेली आहे, तशी राखीव जागा आपल्याकडे आराखड्यात नाही. आपल्याला मिळते ते पूरनियंत्रण केवळ दरवाजे कधी आणि किती उघडले यावर अवलंबून असते. दरवाजाच चालला नाही तर काय? तुंगभद्रा धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९ व्या क्रमांकाचा दरवाजा ऑगस्ट २०२४ मध्ये साखळी तुटून वाहून गेला. ते धरण १९५३ च्या सुमाराचे. मोकळ्या पडलेल्या जागेत फळ्या बसवता याव्यात म्हणून इतर दरवाजांतूनही पाणी सोडून पातळी खाली आणावी लागली आणि भरलेल्या धरणातले पाणी नदीत गेले. हे सगळे आपल्याच कृष्णेच्या उपनदीवर घडले.

माझे स्पष्ट मत आहे की पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत धरणे मोकळी ठेवावीत. शेतीचे नुकसान होईल हे मला कळते, परंतु आमचे जे गेले त्याची गणती कोण करते? अभियंता साहेबांनी यावर लिहावे अशी विनंती आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता यांचे उत्तर

ताई, आपला मुद्दा योग्य आहे आणि त्यातील दरवाजांचा भाग तर मी आधीच लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. जागा राखण्याबद्दल मात्र थोडा हिशेब मांडतो.

एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी चोवीस तासांत सोडायचे असेल तर ११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांचा, विसर्ग लागतो. अतिवृष्टीचा इशारा मिळाल्यावर दोन दिवसांत दहा टीएमसी जागा करायची ठरवली तर सुमारे ५८,००० क्युसेक पाणी नदीत सोडावे लागेल. पाऊस येण्याआधीच आपण खालच्या गावांना पूर देऊ. त्यातही सांडव्याच्या दरवाजातून फक्त दरवाजाच्या उंबऱ्यावरचे पाणी जाते. त्याखालचे पाणी विमोचकातून किंवा पायथ्याच्या वीजगृहातूनच सोडता येते आणि त्याची क्षमता फार कमी असते. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक जातात, म्हणजे एक टीएमसीला साडेपाच दिवस. म्हणून जागा राखायची ती आठवडे आधीपासून, टप्प्याटप्प्याने. यासाठीच जलाशय परिचालन सूची असते. जून ते ऑक्टोबरमधल्या प्रत्येक टप्प्याला पाणी कोणत्या पातळीपर्यंत ठेवायचे ते तीत ठरलेले असते. धरण पूर्ण मोकळे ठेवावे हे मला मान्य नाही, कारण ऑगस्टनंतर पाऊस गेला तर खटाव, माण, तासगाव, जत या भागांना पुढचे वर्ष काढता येणार नाही. परंतु जुलैअखेर धरण काठोकाठ भरून ठेवण्याची घाई ही त्याहून मोठी चूक आहे. सूची पाळली गेली का, हा प्रश्न प्रत्येक नदीकाठच्या गावाने दर पावसाळ्यात विचारावा.

ही सूची पाळणे शेवटी यंत्रणेवर अवलंबून आहे. १ जूनपूर्वी प्रत्येक दरवाजा प्रत्यक्ष उचलून पाहिला पाहिजे, कागदावर नव्हे. पोलादी दोराचे तुटलेले तंतू, ग्रीस, दरवाजा ज्या खुंट्यावर फिरतो त्याचे वंगण, सीलमधून होणारी गळती, ब्रेक, आणि वीज गेल्यावर चालणारे डिझेल जनरेटर, हे सर्व तपासावे. अतिवृष्टीच्या रात्री वीज जातेच असे धरून चालावे. दरवाजा अडकल्यास जागा बंद करण्यासाठी लागणाऱ्या फळ्या, ज्यांना स्टॉपलॉग म्हणतात, त्या धरणावर आहेत का आणि त्या बसवण्याची क्रेन चालू आहे का, हेही पाहावे. दरवाजा नीट उघडला नाही तर मातीच्या भिंतीवरून पाणी जाण्याचा धोका निर्माण होतो, त्यामुळे ताईंचा प्रश्न आणि मूळ प्रश्न एकमेकांपासून वेगळे नाहीत.

नदीकाठ_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन पाहिले. ओली जागा टो ड्रेनला लागूनच आहे, ड्रेन गवताने आणि मातीने भरलेला आहे, पाणी वाहताना दिसत नाही. काहीसा धीर आला, तरी ड्रेन साफ झाल्यावर व्ही-नॉचवर किती पाणी येते ते कळल्याशिवाय विषय सोडणार नाही. धरण निम्मे भरण्याची मागणी ठरावातून काढावी, यावर तरुण मंडळीही राजी होत आहेत. आता माझा उरलेला प्रश्न कायद्याचा. नोंदी मागण्याचा आम्हाला हक्क आहे का?

वकील_सातारा यांचे उत्तर

हक्क आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आहे. १५ मीटरपेक्षा उंच असलेले प्रत्येक धरण त्याखाली येते. १० ते १५ मीटर उंचीचे धरणही लांबी, साठा अथवा विसर्ग ठरावीक मर्यादेइतका असल्यास येते. धरणाचा मालक, म्हणजे आपल्या बाबतीत जलसंपदा विभागाचे संबंधित महामंडळ, याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, तसेच मोठा पूर किंवा भूकंप झाल्यावर तपासणी करणे बंधनकारक आहे. देखभालीसाठी पुरेसा निधी राखून ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. जुन्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन, या दोन्ही गोष्टी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत व्हायच्या आहेत. राज्यात या कामावर देखरेख ठेवणारी धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे.

तपासणी अहवालांत धरणांच्या दोषांची तीन वर्गांत विभागणी करतात. पहिला वर्ग सर्वांत गंभीर असतो, तिसऱ्यात वर्षभरात दुरुस्त होणारे किरकोळ दोष येतात. आपल्या धरणातील दोष कोणत्या वर्गात नोंदले आहेत आणि मागच्या वर्षीचा दोष यंदाच्या अहवालात जसाच्या तसा पुन्हा आला आहे का, हे पाहिले की देखभालीची खरी स्थिती समजते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करताना "धरण सुरक्षित आहे का" असे विचारू नये. तो अभिप्राय होतो आणि अर्ज तेवढ्यावर निकाली निघतो. कागद मागावेत: मागील पाच वर्षांचे मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर तपासणी अहवाल, व्ही-नॉचवरील पाझराच्या नोंदवहीची प्रत, प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशीच्या पाणीपातळीसह, दरवाजांच्या चाचणीच्या नोंदी, चालू वर्षाची मंजूर जलाशय परिचालन सूची, सांडव्याच्या पुराचा फेरआढावा झाला असल्यास त्याचा अहवाल, आणि आपत्कालीन कृती आराखड्यातील आपल्या गावापुरता पूरव्याप्तीचा नकाशा. शेवटच्या कागदाबद्दल विशेष सांगतो. गावोगावी दाखवतात त्या निळ्या आणि लाल पूररेषा नदीच्या नेहमीच्या आणि मोठ्या पुरासाठी आखलेल्या असतात. धरणाला धोका झाल्यास पाणी कोठवर येईल आणि किती वेळात येईल ते त्यांवरून कळत नाही, ते आराखड्याच्या नकाशातच असते. अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे, आणि न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते.

ठरावात अर्जाखेरीज आणखी एक विनंती घालावी. मान्सूनोत्तर तपासणी धरण भरलेले असताना होते आणि पाझर तेव्हाच खरा दिसतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दोन प्रतिनिधींना पायथ्याच्या चरीपर्यंत बरोबर नेण्यात यावे, असे कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवा. हे पत्र सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोहोचले पाहिजे, कारण तपासणीचा कार्यक्रम त्यानंतर लवकरच ठरतो.